एक घेते, दीड देते

१२ जून

चि. धाकट्यास अ. उ. आ.

पत्र घाईत लिहितेय. तुझ्या घरामागे हमरस्त्याच्या कडेने जी भिंत आहे, तिचं गणित माझं. ट्रकचा आवाज तिच्यावर आदळला की तिचं आवाज शोषणारं अस्तर किती गिळतं, किती परत करतं आणि वरच्या काठावरून वळून तुमच्या खिडकीत किती येतो, हे मीच काढलं होतं. त्या भरवशावर तू तिथे घर घेतलंस.

काल दुसऱ्या भिंतीसाठी तेच गणित नव्याने मांडलं, तर भिंत एक आवाज घेते आणि दीड परत करते! कुठेतरी अधिक-उणे उलटं झालंय. जुन्या गणितातही तसंच असेल तर? छकुली सारखी रडते, झोपत नाही, असं तू मागे लिहिलं होतंस. ते आठवून रात्री जेवलेच नाही. मला वाईट वाटेल म्हणून झाकू नकोस. खरं काय ते कळव.

तुझी,
ताई

१९ जून

ती. ताईस सा. न.

एक घेऊन दीड परत करायला ती भिंत म्हणजे काय आपली थोरली काकू आहे? तिला एक शब्द बोललं की दीड ऐकावा लागतो!

अगं, छकुलीला दात येत होते. आले, रडं थांबलं. आता ट्रक गेले तरी ही ढाराढूर. चमचा पडला की मात्र घर डोक्यावर घेते. तरी तुझ्यासाठी मुद्दाम भिंत संपते त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. तिथे कानठळ्या बसल्या. परत भिंतीच्या आड आलो, तेव्हा हायसं वाटलं. आवाज अगदीच येत नाही असं नाही, पण वरून डोकावल्यासारखा येतो. ही म्हणते, वन्संना सांगा, भिंतीला नावं ठेवायची नाहीत. तिच्यामुळे दुपारी माझाही डोळा लागतो.

तेव्हा आता नीट जेव. आमच्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
धाकटा

२६ जून

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि ऑफिसातच टेबलावर डोकं ठेवून रडले. मग तोंड धुऊन जुनं गणित उघडलं. बरोबर निघालं रे! नव्यात मी आवाजाची लाट मांडायची दुसरी पद्धत घेतली; तिच्यात अधिक-उणे उलट धरतात, पण भिंतीच्या आकड्यापुढचं चिन्ह मी सवयीने जुनंच ठेवलं. झाली भिंतीची काकू.

सुटले बाबा! आज पोटभर जेवले.

शनिवारी येते. दार वाजवणार नाही, छकुली उठेल. आधी खिडकीपाशी उभी राहून जरा ट्रक ऐकेन.

लोभ आहेच. तो परत करताना मात्र काकूचाच हिशेब धर.

तुझी,
ताई