वायरलेसमधली टिकली

बर्मिंगहॅम, जानेवारी १९४४

आईच्या पायावर डोकं ठेवून मानसिंग लिहितो,

मी हितं विलायतेत बरा हाय. थंडी लय, पर माझं काम भट्टीपाशीच असतंय. मलकापूरचं ऊन मातुर आठवतं.

आमी चिनी मातीवाणी बारीक पूड दाबून टिकली करतो, भाजतो, वर चांदी चढवतो. ती लष्कराच्या वायरलेसमदी बसती. टिकली तडकली तर यंत्र मुकं होतंय. म्हणून मी एकेक उजेडात धरून बघतो.

परवा मुकादम वैतागला, "किती येळ लावतोस?"

म्या सांगितलं, "माझा धाकटा भाऊ नाथाजी ब्रह्मदेशात लष्करात वायरलेसवर हाय."

तवापासनं त्यो बी माझ्यासंगं बघतो.

आई, मागच्या पत्रात तू नाथाजीचं नावच घेतलं न्हाईस. काय बी असू दे, माझ्यापासनं लपवू नगंस.

तुझाच,
मानसिंग