शेवटचं प्रकरण

छोटे,

तू घर सोडलंस त्याला बावीस दिवस झाले. मोबाइल इथेच टाकून नुसता वाचायचा टॅब नेलास. पत्ता नाही, तरी लिहितोय.

तुझ्या मोबाइलवर ते जुन्या प्रेमकथेचं ई-बुक सापडलं. जन्मात पुस्तक हातात न धरलेल्या मी ते औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभ्या उभ्या वाचून काढलं. त्यातला भाऊ बहिणीच्या नावाने खोटं पत्र धाडतो. तिचा तो निघून जातो आणि शेवटच्या प्रकरणात ती नदीवर जाते, ती परत येतच नाही.

त्या इलेक्ट्रिशियनला ‘मला विसर’ असा मेसेज याच मोबाइलवरून मी पाठवला होता. तो तुला सोडून गेला नाही गं, मी त्याला घालवला.

तू टॅबवर जिथवर वाचतेस, तिथेच या मोबाइलवरचं पुस्तक उघडतं; इथे मागे नेलं, की तुझ्याकडेही मागे जातं. म्हणून रोज दुकान बंद करताना मी ते मागे, त्यांच्या पहिल्या भेटीच्या पानावर आणून ठेवायचो. सकाळी ते पुन्हा पुढे गेलेलं दिसलं, की जीव भांड्यात पडायचा.

परवा तू शेवटच्या प्रकरणापाशी पोचलीस. मी मागे आणलं. तेव्हापासून ते पहिल्या भेटीवरच थांबलंय.

एक पान तरी उलट गं.

तुझा म्हणवायची लाज वाटणारा,
दादा