लॉकवरची चिकटपट्टी

१८ नोव्हें. मोर्शी
अमरावतीचे डॉक्टर म्हणे, यायले आता मशीनवर बसायचं नाई. कंबरेची गादी सरकली. येताना बसमध्ये हे खिडकीकडंच तोंड करून बसले. लग्नाच्या आधीपासून संत्र्याच्या पॅकिंग सेंटरवर लोडर चालवून राहिले. आता उताणे पडून छत पाहून राहिले. बघवत नाई मले.

२१ नोव्हें.
सेंटरच्या शेठले म्हटलं, मी बसते लोडरवर. इतकी वर्षं त्याच शेडात क्रेट भरले, मशीन काय नवी हाये मले? शेठ हसले. हे नाई हसले. म्हणे, "मी शिकवतो हिले."

२४ नोव्हें.
हे खुर्ची टाकून बसतात, तिथूनच ओरडतात. "लिव्हर हळू! तेलाले दम खाऊ दे!" हायड्रोलिकचं लिव्हर जरा जास्त ओढलं की क्रेट उचलायचे काटे टणकन वर.
लॉकच्या बटणावर चिकटपट्टी. लॉक कायम चालू, हात लावायचा नाई म्हणे. लॉक लागलं की धक्के झेलणारं सस्पेन्शन बंद, मशीन ताठ, माल कलंडत नाई. पण चालताना मायबाई! आवारातल्या खड्ड्यांत दात वाजतात. माझीच कंबर धरली आज...

२७ नोव्हें.
उन्हानं चिकटपट्टी सुटली, बटण मागं गेलं. मले पत्ताच नाई. रिकामी मशीन खड्ड्यातून नेली तं कशी, पाळण्यावानी! मंग समजलं. लॉक उचलतानाच लावायचं, चालताना काढायचं. एवढंच!
असा राग आला. घरी येऊन म्हटलं, "काहून केलं असं? बटण दाबायचाबी आळस? फुकट कंबर मोडून घेतली." हे भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवलेबी नाई.

२८ नोव्हें.
सकाळी आपणच बोलले. "ते क्रेट पडले होते ना तुयापाशी?"
आठवते ना. नवीनच लग्न होतं. भरलेले क्रेट धाडकन माझ्या पायाशी आले, अन् मी त्यातलंच एक संत्रं सोलून खाल्लं. सारं शेड हसलं होतं.
"लॉक लावाले विसरलो होतो मी. हातभर इकडं आले असते तं..." थांबले. "मंग पट्टीच लावून टाकली. पुन्हा विसरलो तं?"
अन् मी आळशी म्हटलं या माणसाले. लय रडली. हे म्हणे, "दूध उतू चाललं, पाह्य तिकडं."
लॉक काढून चालवलं तं डॉक्टर बसू देतीन का यायले? विचारून पाहू. सोमवारी अमरावतीले जायचं.

३० नोव्हें.
हे कंबरेले पट्टा बांधून सेंटरवर आले. मी खड्ड्यातून आली, थांबली, लॉक लावलं, क्रेट उचलले. पाहते तं हे नेमके त्याच जागी उभे, जिथं क्रेट पडले तवा मी होती.
"बाजूले व्हा."
"लॉक लावलं ना तू? मंग कायले भेतं?"
हलेचनात. मी क्रेट खाली ठेवून दिले. म्हटलं, तुमी हटाल तवाच उचलीन.
ट्रकवाला हॉर्न मारून राहिला. शेठ आले बोंबलत, "अरे, उद्या डॉक्टरकडे जा, पण परवापासून मशीनवर कोण बसणार, तेवढं तं सांगा मले!"
हे माझ्याकडे पाहून राहिले, मी यायच्याकडे. हे जागचे हलले नाई, मीबी लिव्हरले हात लावला नाई. क्रेट तसेच खाली.