शेवटच्या खांबावरची गिरणी

पारोळा, १४ डिसेंबर १९८८

ती. अक्कास सविनय जयभीम.

मी ठीक आहे, जेवणही वेळेवर होते. भाऊजींचा खोकला कमी झाला का?

आमच्या वीज मंडळाच्या उपकेंद्रातून व्होल्टेज थोडे उतरवले, तर दिवे फारसे मंद न होता वीज वाचते. तसा वरून हुकूम आहे. पण लाइनच्या टोकाला ते फार पडले, तर मोटार जळते. टोकाला कलाबाईंची पिठाची गिरणी आहे. त्यांचे घर तिच्यावरच चालते. म्हणून करून पाहण्याआधी त्यांना विचारले.

"भाऊ, तू आठेच बस. मोटर तपनी ते बंद करी टाक," त्या म्हणाल्या.

उपकेंद्राला व्होल्टेज उतरवायला सांगून मी तिथेच, मोटारीजवळ बसलो. दिवसभर बाजरी दळली गेली. मोटार तापली नाही, वीजही वाचली. वर त्यांनीच मला जेवू घातले. एवढा विश्वास मी कुठे फेडू?

त्या नको म्हणाल्या असत्या, तर हुकूम असूनही मी थांबलो असतो, असे स्वतःला सांगतो. थांबलो असतो ना, अक्का?

तुझा,
सुकदेव