तीनशे अठराचं लॉगिन

शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५. सकाळी ९.४०

धुळे, चौथी गल्ली. मंडळाच्या ऑफिसच्या पायरीवर बसून मेघाने बांधून दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा खातो आहे. ऑफिस दहाला उघडते. पहिल्याच दिवशी उशीर नको म्हणून चोपड्याहून पहिली गाडी धरली.

काल भाऊबीज झाली. मी मेघाला ड्रेसचे कापड दिले, तिने मला ही वही दिली. म्हणाली, दादा, तुला सगळं लिहून ठेवायची खोड आहेच, तर तिकिटांच्या पाठीमागे लिहू नको, वहीत लिही. ती बी.ए. झाली. मी तंत्रनिकेतनच्या दुसऱ्या वर्षाला अडकलो तो अडकलोच. तरी शुद्धलेखन माझे चांगले, हे ती मान्य करते.

दुपारी ४. नोकरी चांगली दिसते. आमच्या समाजाचे हे वधू-वर सूचक मंडळ. पूर्वी दरवर्षी जाडजूड सूची छापायचे, आता वेबसाईट आहे. अध्यक्ष लोटन नाना स्वतः दारापर्यंत आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, हितेंद्र, पोरा, हे पुण्याचं काम आहे. फोन आणि रजिस्टर कुंदाअक्का सांभाळतात. माझ्याकडे सर्व्हर. साईट मध्येच बंद पडते, आणि तुळशीची लग्नं लागली की हंगाम सुरू होईल. आधीचे दोघे महिन्याभरात सोडून गेले. अक्कांनी माझ्या डब्याकडे पाहून विचारले, तू तरी टिकशील ना भाऊ, की तुझाही चहाचा कप मला एकटीलाच धुवायला ठेवशील.

नानांचा एकच नियम आहे. कोणाचा बायोडाटा उघडायचा नाही. मुलींची माहिती असते, फोटो असतात. मला फक्त उमेदवारांचे नंबर दिसतील. हा नियम मला आवडला. मेघाचा नंबर तेवढा पाठ आहे, ४४७. आबांनी, आमच्या वडिलांनी, तिची नोंदणी गेल्या महिन्यात केली.

शनिवार, २५ ऑक्टोबर

सर्व्हरलाही रोजनिशी लिहायची सवय असते. तिला इव्हेंट लॉग म्हणतात. कोण आत आले, काय सुरू झाले, काय कोसळले, सगळे तारीख, वेळ आणि सेकंदासह. माणूस विसरतो. लॉग विसरत नाही. मला तो पहिल्या दिवसापासून जवळचा वाटला.

साईटचा प्रोग्रॅम कोसळला की सर्व्हर तो आपोआप पुन्हा उठवतो. पण पाच मिनिटांत पाच वेळा कोसळला तर हात टेकतो. मग साईट बंद, आणि कोणीतरी येऊन ती हाताने सुरू करायची. चार महिन्यांत असे अकरा वेळा झाले. अकराही तारखा लिहून घेतल्या.

बुधवार, २९ ऑक्टोबर

मेमरी तपासली, डिस्क तपासली, अपडेट्स तपासले. दोष नाही. मग लॉगमधल्या ओळी हाताने वहीत उतरवून एकाखाली एक लावल्या, तेव्हा दिसले. प्रत्येक वेळी आधी कोणीतरी उमेदवार २१२ साठी ‘स्थळ पाठवा’ हे बटण दाबले आहे. लगेच पुढची ओळ: लॉगिन, उमेदवार ३१८, संगणक ‘खोली-२’. आणि मग कोसळणे सुरू. अकराच्या अकरा वेळा.

खोली-२ म्हणजे मागची अडगळीची खोली. जुन्या सूचींचे गठ्ठे, मेळाव्याचे बॅनर, आणि फडक्याखाली एक संगणक. अक्का म्हणाल्या, तो दोन वर्षांपासून बंद शे, भाऊ, वायर उंदरांनी खाल्ली. मी वाकून पाहिले. वायर खरेच कुरतडलेली आहे, तांबे दिसते. त्या संगणकाचे नाव नेटवर्कमध्ये दुसऱ्या कोणाला चिकटले असणार. असे होते.

३१८ कोण, असे विचारले, तर अक्का पाकिटे मोजायला लागल्या. ती त्यांनी सकाळीच मोजली होती.

सोमवार, ३ नोव्हेंबर

नानांना ३१८ बद्दल सांगितले. ते म्हणाले, ती पोरगी वारली, विहिरीवर पाय घसरला, तिचं खातं बंद करायचं राहून गेलं असेल. मुलंमुली खोळंबली आहेत, साईट उभी कर.

दोन गोष्टी केल्या. ३१८ चे खाते बंद केले. पाच वेळांची मर्यादा काढली, म्हणजे कितीही वेळा कोसळो, सर्व्हर प्रोग्रॅम उठवतच राहील. मग चाचणी. नाना शेजारी उभे होते. २१२ त्यांनीच निवडला आणि कोणाला पाठवायचे तेही त्यांनीच टाकले. माझे लक्ष दुसऱ्या पडद्यावर, लॉगवर होते. त्यांनी सांगितले तेव्हा मी बटण दाबले. ११.३२.

लॉगिन, ३१८, नाकारले. नाकारले. नाकारले. एका मिनिटात चाळीस वेळा. मी मोजले.

मग थांबले.

साईट उभी राहिली. नानांनी पेढे मागवले. अक्कांनी पेढा घेतला, पण पदराच्या टोकाला बांधून ठेवला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

तीन दिवस लॉगमध्ये एकही लाल ओळ नाही.

संध्याकाळी चोपड्याहून आबांचा फोन आला. आवाज इतका मोठा की मी फोन कानापासून लांब धरला. बठ्ठं ठरी गयं, सगळं ठरलं, म्हणाले. मेघासाठी स्थळ आले आहे. मुलगा प्रेमराज, नानांचा सख्खा भाचा. इतकी वर्षे सुरतेला होता, आता पाचोऱ्याला शेती आणि कृषी केंद्र आहे. साखरपुडा १६ तारखेला, लग्न एप्रिलमध्ये. मेघा मागून म्हणाली, दादाले सांगा, नवरदेवना कान जोरमां पिळजो.

मी नानांच्या पायाला हात लावला. ते म्हणाले, तू आमची अडचण दूर केलीस, आम्ही तुझी.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आठवड्याचा अहवाल लिहायचा होता म्हणून मागच्या नोंदी वाचत होतो.

३ नोव्हेंबर, ११.३२. ‘स्थळ पाठवा’. २१२ कडून ४४७ कडे. वापरकर्ता: हितेंद्र.

तीनदा वाचले. मेघाचे स्थळ मीच पाठवले आहे.

नाना बाहेर गेल्यावर अक्कांपुढे उभा राहिलो आणि २१२ कोण ते सांगा म्हणालो. त्यांनी रजिस्टर काढले. २१२, प्रेमराज. त्याच्या ओळीवर पांढरी शाई फासलेली. पान उजेडाकडे धरले की खालचे दिसते. दोनदा ‘विधुर’ लिहिलेले आहे. पुढे बायकांचे नंबर: ९६, ज्योती. ३१८, उषा. दोन्ही लग्ने सुरतेला झाली, त्यामुळे इकडे फारसे कोणाला माहीत नाही.

अक्कांनी बाकीचे जमिनीकडे पाहत सांगितले. दोन वर्षांपूर्वी उषा सुरतेहून एकटी बसने इथे आली. लग्न मंडळानेच जमवले होते, म्हणून मंडळाकडे आली. नाना जेवायला गेले होते. ती खोली-२ मध्ये बसली, स्वतःच्या जुन्या पासवर्डने आत गेली आणि आपला बायोडाटा पुन्हा चढवायला लागली. माहितीच्या रकान्यात तिने लिहिले, मला इथून कोणीतरी घेऊन जा. नाना आले. त्यांनी भाच्याला फोन केला. तो येऊन तिला घेऊन गेला. तीन दिवसांनी विहीर.

मी चहा केला तिला, अक्का म्हणाल्या. तेवढंच केलं, भाऊ.

मला आधी का सांगितले नाही, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, तुझ्या आधीच्या दोघांना सांगितलं होतं. ते निघून गेले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

लॉग रिकामा आहे. सगळ्या जुन्या नोंदी गेल्या. एकच ओळ उरली आहे: लॉग पुसण्यात आला, वापरकर्ता लोटन. पुसण्याची नोंद पुसता येत नाही, हे नानांना माहीत नसावे. किंवा आहे, आणि त्यांना फिकीर नाही.

रजिस्टरही कपाटात नाही.

मेघाने फोन उचलला नाही, म्हणून आबांना फोन केला. ते म्हणाले, घरात पाहुणे बसलेत, असलं अभद्र फोनवर बोलू नको, उद्या ये आणि तोंडाने सांग. बरोबर आहे. उद्या फक्त साखरपुडा आहे. लग्नाला पाच महिने आहेत. वेळ आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

वेळ नव्हता.

काल साखरपुड्याआधी आबांना गोठ्यामागे नेऊन ही वही दाखवली. त्यांनी पाने उलटली. म्हणाले, हे तर बठ्ठं तुनंच अक्षर शे. सर्व्हरने लिहिलेले मी फक्त उतरवले, असे सांगितले. ते म्हणाले, ज्या माणसाने तुला नोकरी दिली त्याच्यावर चिखल उडवतोस. बोलत होतो तेवढ्यात मांडवात टाळ्या वाजल्या. नानांनी उभे राहून सांगितले होते, दोन-दोन खर्च कशाला, भटजी आहेत, वरण-बट्टी शिजली आहे, पाहुणे आहेत, साखरपुड्यातच लग्न उरकून टाकू. सगळे वा वा म्हणाले. काहींनी मोबाईल काढले.

मी नको म्हणालो. मोठ्याने म्हणालो. काकांनी मला धरून खुर्चीवर बसवले. नोकरीच्या ताणाने असं होतं, म्हणाले.

भटजींनी मामाला बोलावले. नाना भाच्याच्या मागे जाऊन उभे राहिले.

मग कान पिळायला मला पुढे ढकलले. मेघा हसत होती. तिने डोळ्यांनी खूण केली, जोरात. मी कान धरला. सगळे हसले. प्रेमराज माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, साईट आता छान चालते, भाऊसाहेब, तुमचे उपकार आहेत.

बुधवार, १९ नोव्हेंबर

३१८ चे खाते पुन्हा उघडले. पाच वेळांची मर्यादा परत लावली. नोकरी सोडली तर मला काहीच कळणार नाही, म्हणून इथेच बसलो आहे.

काही नाही. लॉग स्वच्छ आहे.

सोमवार, २४ नोव्हेंबर

खोली-२ मध्ये दुपारभर बसलो. फडके काढले. बाई, चुकलो, असे मोठ्याने म्हणालो. पडदा काळाच.

तिने अकरा वेळा अडवले होते. बाराव्या वेळी मी तिला चाळीसदा नाकारले. ती आता माझ्यासाठी का येईल —

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

मेघाचा फोन. आम्ही दोघे आपसात कायम अहिराणीत बोलतो. एरवी ‘आठे शे’ म्हणणारी ती आज ‘इथे आहे’ म्हणाली, पुस्तकातल्यासारखे. मी बरी आहे. सगळे चांगले आहेत. तू काळजी करू नकोस.

मागे कोणीतरी श्वास घेत होते.

मंगळवार, २ डिसेंबर

पाचोऱ्याला जाऊन आलो. दुकान बंद, घराला कुलूप. शेजारी म्हणाले, दोघं मळ्यात राहायला गेली. मळा कुठे, ते कोणी नीट सांगेना.

आबा फोन उचलत नाहीत.

गुरुवार, ४ डिसेंबर

१०.०५. लॉगमध्ये नवी ओळ. उमेदवार २१२, दर्जा बदलला: ‘विवाहित’ काढून ‘विधुर’. वापरकर्ता: हितेंद्र.

मी केले नाही. मी कीबोर्डला हात लावला नव्हता —

१०.०७. मेघाने फोन उचलला. जिवंत आहे. जिवंत आहे. म्हणाली, मी बरी आहे, आम्ही मळ्याच्या टोकाला चाललो आहोत, हे मला नवी विहीर दाखवणार आहेत. पळ म्हणालो. फोन कट.

१०.१२. पोलिसांना, ११२ ला, फोन केला. त्यांनी मळ्याचा पत्ता विचारला. मला मळ्याचा पत्ता —

१०.१५. स्टँडकडे निघालो. शटर खाली ओढलेले आहे. कुलूप बाहेरून. अक्का आज आल्या नाहीत.

१०.२०. नानांचा फोन. आवाज नेहमीसारखा. शांत बस, पोरा. नोंद तुझ्या नावाने आहे. तुझ्याच हाताने सगळं झालं आहे, आधीपासून.

शटर वाजवले. समोर कोणाच्या तरी लग्नाचा मांडव आहे, त्याचे स्पीकर चालू आहेत. कोणाला ऐकू जात —

११.०२. मेघाचा फोन बंद.

११.०५. बंद.

११.०९. बंद.

११.१५. नाना घरून साईटवर आले आहेत. ‘स्थळ पाठवा’. २१२ कडून ५०३ कडे. ५०३ कोण आहे, कोणाची —

११.१५ आणि चाळीस सेकंद. लॉगिन. उमेदवार ४४७. संगणक खोली-२.

४४७.

नाही —

११.१६. कोसळला. एक. सर्व्हरने उठवला.

कोसळला. दोन.

नानांचा फोन. साईट उठव म्हणतात. आवाज आता नेहमीसारखा नाही.

तीन.

मागच्या खोलीत संगणकाचा पंखा फिरतो आहे. ज्याची वायर —

चार. मी हात लावणार नाही. लावणार नाही, मेघा.

११.१९. पाच. साईट बंद.

मागच्या खोलीच्या दाराखालून निळा उजेड येतो आहे. ती बोलते आहे. आपल्या बोलीत बोलते आहे. दादा, मी आठे शे, तू दार —