यंत्र बोंबललं तेव्हा

अहो,
काल मी कांदा परतत होते, तेव्हा तुम्ही आणलेलं ते हवा तपासायचं यंत्र लाल होऊन बोंबलायला लागलं. लगेच तुम्ही आणि चिरंजीव धावत आलात. वर मलाच म्हणे, "किती धूर करतेस!"

एक्झॉस्ट फॅन बंद पडून वर्ष झालं. वर्षभर मी त्याच ओट्यापाशी उभी राहून खोकतेय. तुमच्यापैकी एकानेही कधी मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही.

मी ताईकडे चाललेय. इलेक्ट्रिशियनचा नंबर फ्रिजवर आहे, गेल्या वर्षीच चिकटवलाय. फॅन फिरायला लागला की कळवा, मग येईन.

यंत्र ओट्यावरच ठेवलंय. या घरात निदान त्याचं ओरडणं तरी ऐकू येतं.