पायातलं सोनं

२२ सप्टेंबर, सोमवार. घट बसले.
डॉक्टर देवेश म्हणजे काल जन्मलेला. माझ्या डाव्या अंगठ्याची डायबेटिसची जखम चिघळली, तर म्हणतो, "आजी, दिवा लावून बघू, नाहीतर अंगठा कापावा लागेल." नवीन ट्रायल आहे म्हणे. मलमात सोन्याचे कण, केसाहून बारीक. वर दिवा धरला की कण तापतात, जंतू मरतात. मी भडकलेच. सोनं पायात? लक्ष्मी ती! सून शर्मिष्ठा म्हणाली, "आई, सही करा." केली. नाही केली तर अंगठा जाईल त्याचं काय?
देवीची माफी म्हणून नऊ दिवस अनवाणी. डाव्याला हॉस्पिटलची चप्पल सक्तीची, म्हणून अनवाणी फक्त उजवा. देवीला समजतं.

२४ सप्टेंबर. दुपार.
दिवा झकास! ऊब येते, वासही कमी झाला. घरी येते तर सून सुरू. "दोन्ही पायांत चप्पल घाला!" म्हटलं, नवस माझा, पाय माझा, तू तुझा डबा भर.
उद्यापासून साखर बंद. आज शिरा खाल्ला, पण प्रसाद साखरेत धरत नाहीत.

२७ सप्टेंबर, शनिवार.
सोसायटीत नात जान्हवीचा गरबा. घागऱ्यांचे आरसे गळून काचाच काचा. पोरी 'आई गं' करत नाचतायत. मी त्यातून चालत गेले, काही नाही! शेजारची कमळ विचारते, "मावशी, टोचत नाही?" म्हटलं, देवी उचलून धरते गो. जळते मेली.

३० सप्टेंबर.
अंगठ्याला नवं लाल मांस धरलं. देवेश म्हणतो, उजवा पण दाखवा. सुनेनेच कान भरलेत! जखम डाव्याला, बघायचाय उजवा. नाही दाखवला.

२ ऑक्टोबर. दसरा.
नवस फिटला. उजवी चप्पल चढेना. चपलाही हल्ली लहानच करतात.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.
डावा अंगठा वाचला!
मग देवेशने न विचारता उजवा पाय उचलला. करंगळीखालून चिमट्याने आरशाचा तुकडा काढला. मागून पू. म्हणाला, "आजी, साखरेने नसा मेल्यात. म्हणून टोचलं नाही."
म्हणजे देवी नव्हती.
खोल गेलंय, दिव्याने भागणार नाही. करंगळी उद्या काढणार.
शर्मिष्ठा 'सांगितलं होतं' म्हणाली असती तर चांगलं सुनावलं असतं तिला. नुसती माझी उजवी चप्पल पिशवीत भरत बसली.